रयतेचा हिशेब मांडणारा गव्हर्नर

चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यालगत उभ्या असलेल्या सेंट जॉर्ज किल्ल्यात आज तमिळनाडूची विधानसभा भरते आणि सचिवालयाचा कारभार चालतो. फायली घेऊन लगबगीने जाणारे कर्मचारी, मंत्र्यांच्या मोटारी, भेटीसाठी ताटकळलेली माणसे हे तिथले नेहमीचे दृश्य. याच तटबंदीच्या आत, या सगळ्या गजबजाटापासून हाकेच्या अंतरावर सेंट मेरीज चर्च उभे आहे. आत शिरताच बाहेरचा कोलाहल मागे पडतो. भिंतींवरच्या संगमरवरी शिल्पांवरची नावे वाचत पुढे जावे, तर कंपनी सरकारच्या इतिहासाची पानेच एकामागून एक उलगडत जातात. या चर्चमध्ये सर थॉमस मन्रो चिरनिद्रा घेत आहे. मद्रासचा हा गव्हर्नर ६ जुलै १८२७ रोजी निवर्तला. परंतु त्याचे पार्थिव इथे आले ते १८३१ मध्ये. मधली चार वर्षे तो गुत्तीच्या डोंगराच्या पायथ्याशी, ज्या रयतेचा सारा ठरवण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली, त्या रयतेच्या मातीत विसावला होता.

शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये जमीनदार नको, प्रत्येक रयतेचा हिशेब सरकारने थेट तिच्याशीच करावा, हा विचार मन्रोने हिंदुस्थानच्या महसुली कारभारात रुजवला. रयतवारी या नावाने शाळेच्या इतिहासात भेटणारी ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यातही आली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या नावाचा सातबारा आज ज्या परंपरेतून आला आहे, तिच्या मुळाशी जाताना या चर्चमधल्या थडग्यापाशी थांबावेच लागते.

तोफेला पुरून उरणारे देवालय

सेंट मेरीज हे सुएझच्या पूर्वेकडील सर्वांत जुने अँग्लिकन चर्च मानले जाते. स्ट्रेन्शॅम मास्टर हा मद्रासचा कारभारी असताना २५ मार्च १६७८ रोजी त्याचे काम सुरू झाले आणि २८ ऑक्टोबर १६८० रोजी ते उपासनेसाठी खुले झाले. कंपनीच्या नोकरांनी वर्गणी काढून ते बांधले. त्याच्या भिंती सुमारे चार फूट जाड आहेत आणि छत विटांच्या अर्धगोल कमानींचे आहे. छतात लाकूड वापरलेले नाही. वरून तोफगोळा पडला तरी ते कोसळू नये आणि पेटू नये, हा त्यामागचा उद्देश. व्यापारासाठी आलेल्या कंपनीला प्रार्थनेची जागाही तोफेचा विचार करून बांधावी लागली, यातच तिच्या पुढच्या वाटचालीचे सूचन आहे.

येल विद्यापीठाला ज्याचे नाव मिळाले त्या एलिहू येलचा विवाह याच चर्चमध्ये नोव्हेंबर १६८० मध्ये झाला. रॉबर्ट क्लाइव्ह १७५३ मध्ये इथेच बोहल्यावर चढला. पण या वास्तूचा खरा इतिहास तिच्या शिळांवर आहे. चर्चच्या अंगणात थडग्यांवरच्या जुन्या शिळा फरशीसारख्या बसवलेल्या दिसतात. त्यांच्याखाली कोणी पुरलेले नाही. ही थडगी मूळची किल्ल्याबाहेरच्या कबरस्तानातली. १७५८-५९ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने मद्रासला वेढा घातला, तेव्हा त्याच्या सैनिकांनी उंच थडग्यांचा आडोसा घेऊन किल्ल्यावर मारा केला. पुन्हा तसे होऊ नये म्हणून इंग्रजांनी कबरस्तान मोडले आणि शिळा चर्चच्या आवारात आणल्या. पुढे हैदर अलीशी युद्ध पेटले, तेव्हा त्यातल्या काही शिळा तटावर तोफा बसवण्यासाठी वापरल्या गेल्या. १६५२ मध्ये मरण पावलेल्या एलिझाबेथ बेकरची शिळा यांतलीच. हिंदुस्थानातला सर्वांत जुना इंग्रजी मृत्युलेख म्हणून ती ओळखली जाते.

मराठी वाचकाने या चर्चमध्ये आणखी दोन नावांपाशी थांबायला हवे. पहिले नाव गव्हर्नर लॉर्ड पिगट. तंजावरचे भोसले राजे तुळजाजी यांचे राज्य अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या मदतीने बळकावले होते. पिगटने १७७६ मध्ये ते तुळजाजींना परत केले. नवाबाला कर्ज दिलेल्या सावकारांचे आणि कौन्सिलमधील त्यांच्या मित्रांचे हितसंबंध त्यामुळे दुखावले. ऑगस्ट १७७६ मध्ये कौन्सिलच्या सभासदांनी आपल्याच गव्हर्नरला अटक केली. ११ मे १७७७ रोजी कैदेतच त्याचा मृत्यू झाला आणि या चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. दुसरे नाव जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ याचे. तो इथे पुरलेला नाही. पण तुळजाजींचे दत्तक पुत्र सरफोजीराजे यांच्या पाठीशी पालकासारखा उभा राहिलेल्या या माणसाचे संगमरवरी स्मारक कंपनीने इथे उभारले. १८६० मध्ये पटकीने गेलेला सर हेन्री वॉर्ड आणि १८७५ मध्ये विषमज्वराने गेलेला लॉर्ड होबार्ट हे मद्रासचे आणखी दोन गव्हर्नरही याच चर्चमध्ये पुरले आहेत. या सर्वांमध्ये लोकांच्या आठवणीत जिवंत राहिला तो मात्र मन्रो.

दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याचा मुलगा

थॉमस मन्रोचा जन्म २७ मे १७६१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झाला. वडील अलेक्झांडर मन्रो अमेरिकेतील व्हर्जिनियाशी तंबाखूचा व्यापार करीत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने हा व्यापार बुडाला आणि सुखवस्तू घर रस्त्यावर आले. ग्लासगो विद्यापीठात शिकलेल्या मुलाला नोकरी शोधणे भाग पडले. कंपनीच्या पायदळात कॅडेट म्हणून त्याची निवड झाली आणि जानेवारी १७८० मध्ये तो मद्रासच्या किनाऱ्यावर उतरला. लहानपणापासून त्याला ऐकू कमी येत असे. हाताशी पैसा नव्हता, ओळखीपाळखी नव्हत्या. होते ते वाचनाचे वेड आणि भाषा शिकण्याची हौस.

त्याच वर्षी हैदर अली कर्नाटकात उतरला. सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची तुकडी हैदर आणि टिपू यांच्या सैन्याने नामशेष केली. कंपनीच्या फौजेला हिंदुस्थानात तोवर इतका जबर तडाखा बसला नव्हता. त्या वेळी एकोणीस वर्षांचा मन्रो हेक्टर मन्रो या सेनापतीच्या फौजेत होता; दोघांचे आडनाव एकच, पण नाते नव्हते. पुढची चार वर्षे युद्धात गेली. आपल्या बाजूच्या सेनापतींचे चुकलेले बेत, रसदीची हेळसांड आणि हैदरच्या घोडदळाची चपळाई हे सारे तो घरी पाठवलेल्या दीर्घ पत्रांतून मांडत राहिला. समोरच्या शत्रूला तुच्छ लेखू नये, हा धडा या तरुणाने अगदी सुरुवातीलाच घेतला.

तंबूतले कलेक्टर

१७९२ मध्ये टिपूचा पराभव झाला आणि आजच्या तमिळनाडूतील धर्मपुरी-कृष्णगिरीचा बारामहाल प्रदेश कंपनीच्या हाती आला. तिथला सारा वसूल करायला मद्रास सरकारने मुलकी अधिकाऱ्यांऐवजी लष्करी अधिकारी नेमले. कारण देशी भाषा जाणणारे मुलकी अधिकारी हाताशी नव्हते. कॅप्टन अलेक्झांडर रीड या कामाचा प्रमुख होता आणि मन्रो त्याचा सहायक. घोड्यावरून गावोगाव फिरायचे, तंबूत मुक्काम करायचा, पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरे तपासायची, शेतांची मोजणी करायची आणि कोणाच्या जमिनीत किती पिकते हे शेतकऱ्याच्या तोंडून ऐकायचे, असा सात वर्षांचा दिनक्रम.

याच सुमारास, १७९३ मध्ये, लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कायमधारा पद्धत आणली. सारा वसूल करणारे जमीनदार तिथे जमिनीचे मालक ठरले आणि प्रत्यक्ष कसणारा त्यांचे कूळ झाला. बारामहालमध्ये रीड आणि मन्रो यांना दिसलेले चित्र वेगळे होते. इथे बडे जमीनदार नव्हतेच. दोन-चार बैलांवर शेती करणारा लहान शेतकरी हाच गावाचा कणा होता. मग नसलेला जमीनदार कशासाठी निर्माण करायचा, असा रोकडा प्रश्न मन्रोने विचारला. शेताची मोजणी करा, जमिनीची प्रत ठरवा, त्यावर सारा बसवा आणि रयतेच्या हाती तिच्या नावाचा पट्टा द्या, हे त्याचे उत्तर होते.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याला कॅनरा किनाऱ्यावर पाठवण्यात आले. तिथला मुसळधार पाऊस त्याला मानवला नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या जमिनीची मालकी सांभाळणारे शेतकरी तिथे पाहून त्याचे मत अधिकच पक्के झाले. १८०० मध्ये निजामाने बल्लारी, अनंतपूर, कडपा हा मुलूख कंपनीच्या स्वाधीन केला. तिथे कलेक्टर म्हणून मन्रोने सात वर्षे काढली. पाळेगारांच्या गढ्या, आटलेली तळी आणि ओस पडलेली गावे असा हा प्रदेश होता. पाळेगारांचा त्याने कठोरपणे बंदोबस्त केला आणि संपूर्ण प्रदेशाची शेतवार मोजणी करून घेतली.

या कामात त्याचे हात होते ते देशी कारकुनांचे. दक्षिणेतल्या महसूल कचेऱ्यांत त्या काळी देशस्थ मराठी कारकुनांचे प्राबल्य होते. रयत, जमाबंदी, कुळकर्ण, दप्तर हे शब्द मराठी मुलखाप्रमाणेच तिथेही रुळलेले होते. मन्रोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेतला बारीकसारीक तपशील याच अनाम लेखण्यांनी उतरवला, हे विसरून चालणार नाही.

१८०७ मध्ये रजेवर मायदेशी जाण्यापूर्वी त्याने मद्रास सरकारला बजावले, की उत्पन्नाच्या सुमारे ४५ टक्के घेणारा हा सारा रयतेला पेलणारा नाही. तो एक तृतीयांशावर आणायचा तर दरात २५ टक्के कपात करावी. सरकारने ती मानली नाही. उलट त्याच्या माघारी रयतवारी मोडून गावेच्या गावे मक्त्याने दिली. हा प्रयोग फसला, मक्तेदार बुडाले, शेतकरी नागवले गेले. मन्रो मात्र इंग्लंडमध्ये स्वस्थ बसला नव्हता. १८१३ मध्ये कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण होताना त्याने हाऊस ऑफ कॉमन्ससमोर साक्ष दिली आणि आपले म्हणणे संचालकांच्या गळी उतरवले.

मराठी मुलखात

१८१४ मध्ये न्याय आणि पोलीस व्यवस्थेच्या सुधारणेसाठी तो मद्रासला परतला. गावच्या पाटलाला आणि पंचायतीला न्यायनिवाड्याचे अधिकार देणारे कायदे १८१६ मध्ये झाले, ते याच कामाचे फलित. पुढच्याच वर्षी इंग्रज-मराठ्यांचे अखेरचे युद्ध सुरू झाले आणि मन्रोने पुन्हा लष्करी पोशाख चढवला.

धारवाड-हुबळीच्या बाजूने तो पेशव्यांच्या दक्षिण मुलखात शिरला, तेव्हा त्याच्यापाशी कवायती सैन्य अगदी मोजके होते. मग त्याने गावोगावचे शिबंदी लोकच हाताशी धरले. गाव ताब्यात येताच तिथल्या साऱ्याची व्यवस्था लावायची आणि त्या वसुलावर पुढची मोहीम चालवायची, असा त्याचा खाक्या. फेब्रुवारी १८१८ मध्ये बदामी, एप्रिलमध्ये बेळगाव आणि मे महिन्यात सोलापूर त्याने घेतले. ३ जून १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली. मराठी सत्तेचा शेवट करणाऱ्यांत एल्फिन्स्टन आणि माल्कम यांच्या बरोबरीने मन्रोचे नाव घ्यावे लागते. रयतेचा कैवारी म्हणून त्याचे गुणगान करताना ही बाजू झाकता येणार नाही. लोकांचा विश्वास कसा मिळवायचा हे त्याला ठाऊक होते आणि ते ज्ञान त्याने राज्य जिंकण्यासाठीही तितक्याच सहजतेने वापरले.

पेशवाईनंतर दख्खनचा कमिशनर झालेला विल्यम चॅप्लिन हा मूळचा मद्रासच्या नोकरीतला. मन्रोच्या बल्लारीचा कलेक्टर राहिलेला. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि मन्रो यांच्यात पत्रव्यवहार होता. पुढे १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून शेतवार पाहणी सुरू करून मुंबई इलाख्याची रयतवारी घडवली. तिचे नियम वेगळे होते, पण प्रत्येक शेताचा आणि शेतकऱ्याचा थेट हिशेब हा पाया तोच होता.

गव्हर्नर आणि त्याचे अंतर्विरोध

जून १८२० मध्ये मन्रो मद्रासचा गव्हर्नर झाला. चाळीस वर्षांपूर्वी कॅडेट म्हणून जिथे तो उतरला होता, तिथेच तो आता सर्वाधिकारी होता. इलाख्यात रयतवारी पुन्हा लागू झाली आणि बल्लारी-कडप्याच्या मुलखात तेरा वर्षांपूर्वी नाकारलेली कपातही अमलात आली. १८२२ मध्ये त्याने इलाख्यातील देशी शाळांची पाहणी करवली. १ कोटी २८ लाखांच्या लोकसंख्येत १२,४९८ शाळा आढळल्या. इंग्रजी शिक्षणापूर्वी हा देश निरक्षर होता, या समजाला ही आकडेवारी आजही धक्का देते. शिक्षणाचा प्रसार जो काही आहे तो पूर्वीपेक्षा घसरलेला आहे आणि त्याला आधीची युद्धे व लोकांचे दारिद्र्य कारणीभूत आहे, असा निष्कर्ष त्याने काढला.

डिसेंबर १८२४ च्या त्याच्या टिपणाचा इतिहासकार वारंवार आधार घेतात. या देशातल्या माणसांना अधिकाराच्या प्रत्येक मोठ्या जागेपासून दूर ठेवून त्यांचे चारित्र्य सुधारण्याच्या गोष्टी करणे व्यर्थ आहे, परक्या सत्तेने माणसाची उमेदच मारली तर रस्ते आणि न्यायालये त्याची भरपाई करू शकत नाहीत, असे त्याने त्यात स्पष्टपणे मांडले. एक दिवस हे लोक स्वतःचे राज्य चालवण्यास समर्थ होतील आणि तेव्हा इंग्रजांनी बाजूला व्हावे, हेही त्याने लिहून ठेवले. असा विचार त्या काळच्या गव्हर्नरांमध्ये विरळाच.

पण याच मन्रोने १८२२ मध्ये वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याला ठाम विरोध केला. परकी राजवट आणि मुक्त वृत्तपत्रे एकत्र नांदू शकत नाहीत, स्वातंत्र्याचे वारे आधी देशी पलटणीत शिरतील, हा त्याचा युक्तिवाद होता. वृत्तपत्राच्या वाचकाला तो बोचेल. परंतु त्यातला प्रामाणिकपणाही नाकारता येत नाही. आपले राज्य लोकांच्या संमतीवर उभे नाही, हे त्याने स्वतःपासून लपवले नाही. रयतेला न्याय द्यावा असे त्याला मनापासून वाटत होते. तिने प्रश्न विचारावेत, हे मात्र त्याच्या राज्यव्यवस्थेला पेलणारे नव्हते.

अखेरचा दौरा

मन्रोला आता घरी जायचे होते. त्याने राजीनाम्याची इच्छा कळवली, तोच ब्रह्मदेशाचे युद्ध सुरू झाले आणि त्याला थांबावे लागले. १८२६ मध्ये पत्नी जेन धाकट्या मुलाला घेऊन मायदेशी गेली. नवा गव्हर्नर येण्याची वाट पाहत असताना, १८२७ च्या उन्हाळ्यात, त्याने निरोपाचा दौरा काढला. जायचे ठिकाण ठरलेलेच होते. बल्लारी, अनंतपूर, गुत्ती. वीस वर्षांपूर्वी ज्या गावांतून त्याने मुक्काम केले होते, ती गावे त्याला शेवटची पाहायची होती.

वाटेत त्याच्या पथकात पटकीची साथ शिरली. तळ पुढे सरकत राहिला. ६ जुलैच्या सकाळी पत्तिकोंडा येथे मन्रोला स्वतःला त्रास सुरू झाला आणि रात्री त्याची प्राणज्योत मालवली. दुसऱ्या दिवशी जवळच्या गुत्तीला त्याचा दफनविधी झाला. नवा गव्हर्नर लशिंग्टन मद्रासला पोचला तो ऑक्टोबरमध्ये. ही तीन महिन्यांची दिरंगाई झाली नसती, तर मन्रो त्या उन्हाळ्यात कदाचित स्कॉटलंडच्या वाटेवर असता.

पत्तिकोंड्यात सरकारने त्याच्या स्मरणार्थ विहीर खोदून आमराई लावली. मद्रासमध्ये लोकवर्गणीतून शिल्पकार चँट्रीने घडवलेला त्याचा अश्वारूढ पुतळा १८३९ मध्ये उभा राहिला. खोगीर आणि रिकीब नसलेल्या घोड्यावर बसलेला हा मन्रो चेन्नईच्या आयलंड भागातून जाणाऱ्या-येणाऱ्याला आजही दिसतो. लोकांनी त्याला आपल्या पद्धतीने जपले. मंत्रालयमच्या मठाची इनाम जमीन सरकारजमा करायला गेलेल्या कलेक्टर मन्रोशी समाधिस्थ राघवेंद्र स्वामी प्रत्यक्ष बोलले आणि त्याने इनाम कायम केले, ही आख्यायिका त्या भागात श्रद्धेने सांगितली जाते. ती खरी की खोटी हा प्रश्न गौण. परक्या अधिकाऱ्याला आपल्या संताच्या कथेत जागा देणे, हा लोकांनी केलेला सन्मान होता.

हिशेबाची दुसरी बाजूही मोठी आहे. रयतवारीने जमीनदार हटवला, पण त्याच्या जागी सरकार स्वतःच बसले. रोख साऱ्याचा तगादा चुकला नाही. १८५५ मध्ये मद्रास सरकारच्याच चौकशी मंडळाने सारा वसुलीसाठी रयतेचा छळ होत असल्याचे मान्य केले. मुंबई इलाख्यात तर जमिनीवर नाव लागलेला शेतकरी त्याच नावावर कर्ज काढून सावकाराच्या विळख्यात सापडला आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले. मन्रोने रयतेला कागदावर आणले. पण त्या कागदाचे मोल ठरवण्याचा अधिकार तिच्या हाती दिला नाही. तो देणे त्याच्याही आवाक्यातले नव्हते.

सेंट मेरीजमधून बाहेर पडताना पावले पुन्हा अंगणातल्या त्या जुन्या शिळांवरून पडतात. समोरच्या सचिवालयात लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा महसूल विभाग काम करत असतो आणि पट्टा मिळवण्यासाठी आजही तमिळनाडूतल्या शेतकऱ्याला तलाठ्याच्या बरोबरीच्या अधिकाऱ्याकडे खेटे घालावे लागतात. आता मात्र त्याच्या हाती मत आहे, आणि जाब विचारायला वृत्तपत्रही आहे. मन्रोने मांडलेल्या हिशेबातली राहून गेलेली रक्कम हीच होती.